फिल्म लावली की पैसे द्यायच्या आधी गाडी उन्हात काढा

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

जानेवारीतली गड्डा यात्रा उरकली की सोलापुरात ऊन जाणवायला लागतं आणि मार्च उजाडला की विजापूर रोड म्हणा, होटगी रोड म्हणा, कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांपुढं काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून घ्यायला गाड्यांची रांग लागते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जाणं काही नवीन नाही, त्यामुळं लोकांचं चुकत नाही. मी पण फेब्रुवारीच्या शेवटी लावून घेतली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला गाडीत बाजूनं येणारा उन्हाचा झोत सहन होत नाही, म्हणून. साडेसहा हजार रुपये दिले. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण भांडण करायला हे पत्र नाही, पण त्या कामात काय काय चुकलं आणि ते कसं ओळखायचं हे मला नंतर कळलं, ते या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाला तरी आधी कळावं एवढीच इच्छा आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, बावीस वर्षं झाली. माल आला की टेबलावर पसरायचा, उजेडात धरायचा, कड बघायची, उलटा करून बघायचा, कुठं धागा तुटलाय कुठं जाळी पडलीय ते बघून मग फ्रेश का सेकंड ते ठरतं. रंग छान आहे म्हणून कुठला टॉवेल आजवर पास केला नाही. आणि गाडीच्या काचेला मात्र मी फक्त रंग बघितला. संध्याकाळी सात वाजता दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काचा काळ्या चकचकीत दिसल्या, दुकानदार म्हणाला "एक नंबर झालंय काम", मी पैसे दिले आणि गाडी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन सिद्धेश्वरच्या देवळात गेलो, गाडी पूर्वेकडं तोंड करून उभी होती आणि ऊन थेट काचेतून आत येत होतं, तेव्हा पहिल्यांदा सगळं दिसलं. मागच्या दाराच्या काचेत तिळाएवढे तिळाएवढे ठिपके, मोजले तर एकाच काचेत वीसच्या वर. ड्रायव्हरच्या काचेला खालच्या कडेला बोटं ठेवल्यासारख्या उभ्या चुण्या. मागची मोठी काच तीन पट्ट्या जोडून केलेली आणि जोडावर पांढरी रेघ. पुढच्या डाव्या काचेला बाजूनं दोन-तीन मिलिमीटरची फट, तिथून उजेडाची सुई आत. रबरावर ब्लेडचा काप. आणि दुपारी पॉवर विंडोचं बटण अडकलं कारण फवारलेलं पाणी दाराच्या आत आणि बटणात गेलं होतं, कापड लावायचं कष्ट कुणी घेतलं नव्हतं.

दुकानात जाऊन दाखवलं तर म्हणाले "पाणी आहे, सुकलं की जाईल." यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात, रबराच्या पट्टीनं पाणी बाहेर काढतात, तरी थोडं राहतंच, त्यामुळं पहिले काही दिवस काच धुरकट दिसणं, पाण्याचे बारीक फुगे दिसणं हे बरोबर आहे, ते दोन-तीन आठवड्यात आपोआप जातात, आपल्या उन्हात तर लवकरच. पण ज्या फुग्याच्या मधोमध कण आहे तो धुळीचा, तो कधी जाणार नाही. चुणी पडून फिल्म स्वतःलाच चिकटली असेल तर ती पण जाणार नाही. आणि महिन्याभरानं जो फुगा मोठा होत चाललाय तो पाण्याचा नव्हे, तिथं गोंदच सुटतोय.

ती धूळ येते कुठून तर त्या दुकानात काम रस्त्यालगत, वर नेट बांधलेली, खाली माती, समोरून एसटी आणि डंपर चाललेत, आणि तिथंच फिल्मचा पाठीमागचा कागद सोलतात. गोंद उघडा पडल्यावर त्याला वीज असल्यासारखी धूळ ओढली जाते. आमच्या कारखान्यात पांढरा टॉवेल पॅक होतो त्या खोलीत चपला घालून जाऊ देत नाहीत, आणि इथं पाच वर्षं टिकायला पाहिजे ते काम भर रस्त्यावर.

आता रात्रीचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. पंधरा दिवसांनी पंढरपूरहून मोहोळमार्गे येत होतो, रात्री साडेनऊची वेळ, ऊस संपत आलेला पण ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू होत्या. बाजूच्या आरशात बघायचं म्हणजे काय, तर ड्रायव्हरच्या काचेतूनच बघायचं ना, आणि त्या काचेतून मागं काहीच दिसेना, नुसते दिवे, ते पण कापसासारखे पसरलेले. उजवीकडं वळायला गेलो आणि शेवटच्या क्षणाला आई ओरडली, शेजारी विनारिफ्लेक्टरची रिकामी ट्रॉली होती. काही झालं नाही. पण मी गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं तसाच बसलो होतो, आणि पुढं घरापर्यंत काच खाली करून आलो. महिना उलटला, पाणी सुकलं, तरी दिवे पसरायचे थांबले नाहीत. म्हणजे ती फिल्मच हलकी होती.

नंतर मी या विषयाच्या मागंच लागलो. कायद्याचं आधी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १००, त्यात पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असं आहे. सुप्रीम कोर्टानं २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिला की किती का टक्क्यांची असेना, काचेला फिल्म चिकटवायचीच नाही, आणि ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. पुढं नियम १०० बदलला, १ एप्रिल २०२१ पासून त्यात सेफ्टी ग्लाससोबत सेफ्टी ग्लेझिंग (म्हणजे आतून प्लास्टिकचा थर दिलेली काच) हा शब्द आला, आणि केरळ हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात बसणारी फिल्म ७० आणि ५० ची मर्यादा पाळून लावली असेल तर चालते. हा निकाल केरळचा आहे हे ध्यानात ठेवा. पण दुकानात जे सर्रास सांगतात की "आता सगळं अलाऊड झालंय" ते कुठल्याच निकालात नाही, काळी फिल्म काल पण चालत नव्हती आणि आज पण चालत नाही.

आणि यात एक हिशेब आहे जो मला कुणीच सांगितला नव्हता. मर्यादा ही काच अधिक फिल्म मिळून आहे. गाडीची काच कंपनीतूनच थोडी हिरवट येते. समजा बाजूच्या काचेतून ७५ टक्के उजेड येतो आणि वर तुम्ही ५० ची, म्हणजे ५० टक्के उजेड आत सोडणारी फिल्म लावली तर ७५ चे निम्मे, म्हणजे साडेसदतीस. झालात नापास. ७० ची लावली तर साडेबावन्न, काठावर पास. मला लावलेली ३५ ची होती, म्हणजे फक्त सव्वीस टक्के उजेड. मग रात्री ट्रॉली कशी दिसेल? पुढच्या मोठ्या काचेचं तर अजून कडक, मूळ काच ७८ ची धरली तर तिच्यावर ९० ची जवळपास पारदर्शक फिल्मच बसते, तेव्हा कुठं ७० भरतात.

लोक म्हणतात पांढरी फिल्म लावून उपयोग काय, गरम होणारच. इथंच गफलत आहे. उन्हातली साधारण निम्मी उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून येते. नुसता रंग दिलेली स्वस्तातली काळी फिल्म उजेड अडवते, त्यामुळं थंड वाटतं, पण ती काचच तापते आणि तापलेली काच आत उष्णता सोडत बसते, दुपारी दोन वाजता पार्क केलेल्या गाडीत त्या काचेला हात लावून बघा. शिवाय वर्ष-दोन वर्षात ती जांभळी पडायला लागते, आपल्या गावात जांभळ्या काचांच्या किती गाड्या दिसतात बघा. सिरॅमिक फिल्म दिसायला जवळपास साधी काच, पण इन्फ्रारेड अडवते. धातूचा थर असलेली पण असते, तिच्यानं उष्णता अडते पण पुढच्या काचेवर फास्टॅगला आणि जीपीएसला त्रास होऊ शकतो. दुकानात लाल बल्बपुढं काचेचा तुकडा धरून हात लावायला सांगतात ना, त्यावर जाऊ नका, त्या बल्बमधून मुख्यतः इन्फ्रारेडच येतं, ऊन तसं नसतं. विचारायचा आकडा एकच, एकूण सौरऊर्जा किती टक्के अडते, पुड्यावर टीएसईआर लिहिलेलं असतं ते.

शेवटी मी सगळी फिल्म काढून दुसरीकडं लावली. काढायलाच अर्धा दिवस गेला, गोंद काचेवर राहतो, तो वाफेनं सैल करून काढावा लागतो, आणि मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतील तर तिथं ब्लेड चालवायचंच नाही नाहीतर तार तुटते. हे दुसरं काम करणारा पोरगा असेल चोवीस-पंचवीसचा. त्याचं बंद शेड, आधी फरशी ओली केली, दारावर आणि बटणांवर टॉवेल टाकले (आपलेच सोलापुरी), काच आतून तीनदा धुतली, रबराच्या खाचेतली माती ब्रशनं काढली. मागच्या काचेची फिल्म एकच अख्खी, ती बाहेरच्या बाजूनं काचेवर ठेवून हीट गननं हळूहळू आवळून गोलाईत बसवली आणि मग आतून लावली. दाराची काच थोडी खाली घेऊन फिल्मची खालची कड रबराच्या आत सरकवली. वरच्या कडेला मात्र मिलिमीटरभर जागा त्यानं मुद्दाम सोडली, मी विचारलं तर म्हणाला, "काका, अगदी टोकापर्यंत नेली तर काच वर-खाली होताना रबराला घासून सुटते." मग बाजूची फट आणि वरची फट यातला फरक समजला, बाजूनं उजेड येता कामा नये, वर केसभर सरळ रेघ असेल तर ते चांगलंच काम. मागच्या काचेच्या कडेला काळे ठिपके असतात तिथं फिल्म पूर्ण चिकटत नाही, पांढरट पट्टा दिसतो, त्यावरून पण कारागिराशी वाद घालू नये, तो दोष त्याचा नाही. निघताना म्हणाला चार दिवस काच खाली करू नका आणि पुसायला अमोनियावालं क्लिनर वापरू नका. एका काचेत एक कण राहिला होता, तो त्यानं स्वतःच दाखवला आणि ती फिल्म काढून परत लावली. असा माणूस आमच्या कारखान्यात पाहिजे असं मनात आलं.

तर माझं म्हणणं असं की गाडी दिवसा ताब्यात घ्या, उन्हात बाहेर काढा आणि आत बसून आभाळाकडं बघत एकेक काच बघा, बाहेरून बघून काही कळत नाही. कडेवर बोट फिरवा, करवतीसारखी लागली तर कापणं कच्चं आहे. काचेतून विजेचा खांब बघा आणि डोकं हलवा, खांब वाकडा-तिकडा हलला तर फिल्म नीट ताणलेली नाही. फिल्मच्या मागच्या कागदावर बऱ्याचदा कंपनीचं नाव छापलेलं असतं, तो सोललेला कागद मागून घ्या, डबा एका कंपनीचा आणि माल दुसरा असं होतं. आणि तीन आठवड्यांनी रात्री एक चक्कर मारून समोरच्या गाडीचे दिवे कसे दिसतात ते बघा.

आणि साहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. दर उन्हाळ्यात काळ्या काचांवर कारवाई झाली की तुम्ही बातमी देता, फोटो देता. त्या बातमीसोबत ७० आणि ५० चा हिशेब पण चौकटीत छापा. वाहतूक शाखेला आणि आरटीओला तुमच्यामार्फत विनंती की उजेड मोजायचं मीटर फक्त दंड करायला वापरू नका, महिन्यातून एक दिवस ठेवा ज्या दिवशी माणूस स्वतःहून गाडी आणेल आणि काच मोजून घेईल, नापास झाली तर फिल्म काढायला आठ दिवस द्या. आणि दुकानदारांनी बिलावर फिल्मचं नाव, तिचा आकडा आणि काचेसकट मोजलेला आकडा हे तीन लिहून द्यावेत. माझ्या पहिल्या बिलावर फक्त "सनफिल्म, पाच काचा" एवढंच लिहिलं होतं.

आपला नियमित वाचक,
चेकिंग विभाग, टॉवेल कारखाना,
रा. जुळे सोलापूर