ट्युबिंगेनच्या अनोळखी मंडळींचे आभार

जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये मुक्कामाला आलेल्या आम्हा मराठी मंडळींना न विचारता मदत करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापाशी थांबून शिकवणाऱ्या आजोबांचे आधी. पाण्याची प्लास्टिकची बाटली रिकामी झाली की आपल्या सवयीने चुरगाळायची नाही. बारकोड वाचता आला नाही तर यंत्र ती परत ढकलतं आणि अनामतीचे २५ सेंट अडकतात. बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. शेवटी बटण दाबून पावती घ्यायची, ती गल्ल्यावर दाखवली की पैसे.

अनामत नसलेली काच रंगाप्रमाणे वेगळ्या पेटीत: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली हिरवीत जाते, हे सांगणाऱ्या बाईंचेही आभार. रविवारी मात्र तिकडे फिरकू नये. तो खळखळाट इथे कुणी खपवून घेत नाही.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकू! दाराला ‘केअरवोखे’ची पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आपली. पायरीच्या कोपऱ्यातली धूळ त्यांनी बोटाने दाखवली. (जिना आधीच लख्ख दिसत असला, तरी पाळी चुकत नाही.) ‘मोठ्या’ पाळीत दारासमोरचा फुटपाथही येतो, हेही त्यांनीच वेळेवर सांगितलं.