कुलूप शाबूत, बॅग मात्र उघडलेली

संपादक महोदय,

परदेशी निघालेल्याला ‘बॅगेला दणकट कुलूप लाव’ असं सगळेच बजावतात. पण चेनच्या बॅगेला हात घालणारा कुलपाच्या वाटेला सहसा जातच नाही. बहुतेक चेन नायलॉनच्या वेटोळ्यांच्या असतात. बॉलपेनचं टोक दातांमध्ये जोरानं दाबलं की दात सुटतात आणि बॅग हातानं फाकवता येते. काम झालं की कुलूप लावलेले दोन्ही रनर त्या जागेवरून एकदा फिरवायचे, चेन पुन्हा बसते. मुक्कामी पोचून सामान बाहेर काढेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही.

म्हणून रनर जागचे हलू नयेत, याची तजवीज आधी करावी. बॅगेच्या अंगातच बसवलेल्या कुलपात रनरची टोकं अडकत असतील, तर ते आपोआप साधतं. लटकतं कुलूप असेल तर दोन्ही रनर बाजूच्या हँडलच्या बुडाशी, ढील न ठेवता आवळून बांधावेत. चेन पेनानं तेव्हाही उघडेलच, पण ती मिटवता येणार नाही. फाकलेली बॅग बेल्टवरच नजरेत भरेल आणि पुढच्या भरपाईसाठी तेच महत्त्वाचं आहे.

बांधायला साधा केबल टाय तितकासा कामाचा नाही. त्याची आतली जीभ टाचणीनं उचलता येते, शिवाय तोडून तसाच दुसरा लावला तर ओळखणार कसं? अनुक्रमांक छापलेलं, ओढून आवळायचं प्लास्टिक सील घ्यावं आणि बॅग सोपवण्यापूर्वी त्या क्रमांकाचा, चेनसकट फोटो काढावा. तपासणीत सील तुटू शकतं, म्हणून दोन-तीन जादा सील हातातल्या सामानात असू द्यावीत. प्लास्टिकचं वेष्टण गुंडाळून घेतलं तर छेडछाड दिसते खरी, पण तपासणीसाठी ते कापलं की पुढच्या प्रवासात बॅग उघडीच.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी टीएसएमान्य कुलूप जरूर वापरावं. टीएसए म्हणजे तिथल्या विमानतळांवर सामान तपासणारी सरकारी यंत्रणा; हे कुलूप तिला मास्टर किल्लीनं, न तोडता उघडता येतं. त्यावर ट्रॅव्हल सेंट्री कंपनीचं पत्त्यातल्या चौकटसारखं लाल चिन्ह किंवा सेफ स्कायज कंपनीची मशाल असते. दुसरं कुलूप तपासणीसाठी तोडलं गेलं, तर टीएसए त्याची भरपाई देत नाही. मात्र या कुलपाकडून संरक्षणाची फार आशा नको. या कुलपांच्या मास्टर किल्ल्यांचा फोटो २०१४मध्ये वर्तमानपत्रात छापून आला आणि २०१५मध्ये त्यांचे थ्रीडी प्रिंटरवर काढता येणारे आराखडे इंटरनेटवर पसरले. आकड्यांच्या कुलपात आणखी एक गोची असते. नवा आकडा लावल्यावर आतला खटका अर्धवट राहिला, तर चाकं फिरवताना आकडा बदलत जातो आणि बॅग मालकालाच उघडत नाही. बॅग उघडी असतानाच दोन-तीनदा लावून-काढून पाहावं.

जुन्या प्रवासाच्या बारकोड पट्ट्या, अगदी अंगाला चिकटलेले छोटे तुकडेसुद्धा, सोलून काढावेत. त्यांनी यंत्र गोंधळून बॅग भलतीकडे जाऊ शकते. बाहेर घरचा पत्ता नको. आत सगळ्यात वर नाव, फोन आणि प्रवासाचा मार्ग लिहिलेला कागद असावा.

रोकड, दागिने, औषधं, कागदपत्रं हातातच. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर चेक-इन सामानात चालतच नाहीत. विमानाच्या दाराशी केबिन बॅग काढून घेतली, तर त्या घाईत हे सगळं आधी बाहेर काढायचं. नेमकं तेव्हाच ते डोक्यातून जातं.

बॅग हाती आल्यावर सील, चेन आणि कडा बेल्टजवळच तपासाव्यात. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातली विमान कंपनीची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९च्या मॉन्ट्रियल करारानुसार तक्रार न करता बॅग स्वीकारली, तर ती सुस्थितीत मिळाली असंच प्रथमदर्शनी धरलं जातं. गडबड दिसली तर बाहेर पडण्यापूर्वी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाबाबतचा अहवाल, नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा. तेवढ्यावर थांबू नये. नुकसानीची रीतसर लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांत कंपनीकडे द्यावी किंवा पाठवावी लागते. सोबत सीलचे फोटो आणि वस्तूंची बिलं जोडावीत.

या करारातली भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, रक्कम मोजायचं एकक आणि ही मर्यादा माणशी आहे, बॅगेगणिक नव्हे. त्याहून महागडं काही बॅगेतूनच न्यावं लागणार असेल, तर चेक-इनच्या वेळी त्याच्या मूल्याची विशेष घोषणा करून, मागतील तो जादा आकार भरता येतो. ही सोय काउंटरवर आपण होऊन विचारावी.

– एक वाचक