बापू, तुमचा गोल पिनचा कीबोर्ड अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय बापू,
साष्टांग नमस्कार.

दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्त केल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहा घेतला तोही अर्धा. म्हणून आता हे जाहीर पत्र. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण पाचोऱ्यात अजूनही लोक दुकानात डोकावून विचारतात, "काय भो, मदरबोर्ड कितीले पडना?" त्या सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकतो: पडलाच नाही. बोर्ड तोच आहे, बापूंनी वाचवला.

झालं होतं असं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या दुकानात दिवसभर लोकांचे आधार, पासबुक, सातबारे स्कॅन होतात, तेव्हा जुन्यावर रेटत राहणं बरं नाही म्हणून विंडोज ११ टाकायला बसलो. मशीनने सांगितलं, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसोबत ती सोय येतेच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये, 'पीटीटी' नावाने बंद ठेवलेली असते. चालू करायची, संपलं. पण बायोस उघडेल तर ना! चालू करताना डिलीट दाबलं, एफ२ दाबलं, दोन्ही हातांनी दाबलं. पडदा काळा तो काळाच. कंटाळून बंद करून नुसतं चालू केलं, की एकदम विंडोजचं पासवर्डचं पान.

एका दुरुस्तीवाल्याने सीपीयूचं झाकणही न उघडता निदान केलं: "बायोसची चिप उडाली. या सॉकेटचा बोर्ड आता मिळणं कठीण, नवीनच घ्या." मी पतपेढीचा फॉर्म आणून ठेवला होता, बापू. गल्ल्याखाली होता, तुम्हाला दाखवला नाही.

आणि नोव्हेंबर असल्यामुळे तुम्ही पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आलात. स्वतःच्या हयातीचा काढलात आणि जाता जाता माझ्या मशीनच्या हयातीचाही देऊन गेलात. अंगठा लागेपर्यंत मी माझं रडगाणं गायलो, त्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "विंडोज चालू व्हस ना? मंग चिप उडनी कशी?"

खरंच की! प्रोसेसर, रॅम, डिस्क यांना जागं करून विंडोजच्या हवाली करायचं काम त्या चिपमधल्या प्रोग्रॅमचंच. तो मेला असता तर पासवर्डचं पान दिसलंच नसतं. इतकी साधी गोष्ट मला पंधरा दिवसांत सुचली नाही, कारण "उडाली" हा शब्द ऐकला की आपलं डोकंही उडतं.

तुमचा पहिला अंदाज चुकला, हेही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोवाडा गायला. तुम्हाला संशय माझ्या वायरलेस कीबोर्डवर होता. काही बोर्ड लवकर चालू होण्यासाठी यूएसबीची तपासणी टाळतात, मग डिलीट दाबलेलं त्यांना कळतच नाही, असं तुम्ही समजावलंत. दुसऱ्या दिवशी घरून जुना गोल पिनचा कीबोर्ड पिशवीत घालून आणलात. तो लावूनही पडदा काळाच. मी मनात म्हटलं, झालं, पतपेढी.

त्यानंतर तुम्ही काही केलंच नाही. स्टुलावर बसून नुसते विचारत राहिलात. घड्याळ मागे पडतं का? नाही पडत. मग ती चपटी बॅटरी ठीक आहे, तिला हात लावायचा नाही. (सीआर २०३२ मधले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर, हे तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मी ती विकतोय!) मी म्हटलं, बॅटरी काढून बायोस रिसेट करू या, सगळे तेच करतात. तुम्ही हात धरलात. सगळ्या सेटिंग्ज मूळ जागी गेल्या आणि त्यात डिस्क वाचायची पद्धत बदलली, तर आज निदान चालू होणारं विंडोजही उद्या अडेल. आणि आधी गिऱ्हाइकांच्या फाइली पेनड्राइव्हवर घे, मग बोलू.

मग तो प्रश्न आला. चालू करताना बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह शेवटचं कधी दिसलं होतं?

मला आठवेना. मॉनिटर जुना आहे, उशिरा जागा होतो, असं मी धरून चाललो होतो. रोज सकाळी बटण दाबायचं, उदबत्ती लावायची, वळून पाहायचं तर पासवर्डचं पान हजर. मधलं काही दिसत नाही, हे मला कधी दिसलंच नव्हतं. तुम्ही वहीत लिहिलंत: चिन्ह दिसत नाही, भाच्याने लग्नपत्रिकांच्या डिझाइनसाठी ग्राफिक कार्ड बसवलं तेव्हापासून बहुधा.

पुढचं तर मी येईल त्या प्रत्येकाला सांगतो. शटडाउन करून चालू केलं तर विंडोज अर्धवट झोपेतून उठतं, म्हणून तुम्ही शिफ्ट दाबून रीस्टार्ट करायला लावलंत. निळ्या पानावर ट्रबलशूट, त्यात प्रगत पर्याय, त्यात 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज', म्हणजे विंडोजमधून थेट बायोसमध्ये जायची वाट. तो पर्याय दिसला तेव्हाच तुम्ही मान डोलावलीत, कारण विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं तर तो तिथे नसताच. क्लिक केलं. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. विंडोज आलंच नाही. मी बटणाकडे हात नेला तर तुम्ही म्हणालात, "थांब. कॅप्स लॉक दाब." दाबलं. तुमच्या त्या जुन्या कीबोर्डावरचा हिरवा दिवा लागला. परत दाबलं, विझला. मग तुम्ही कंट्रोल, ऑल्ट, डिलीट तिन्ही एकदम दाबलंत आणि मशीन तत्काळ रीस्टार्ट झालं.

"मशीन मरेल नही शे, भो. जागं शे. तुले दिखत नही."

बायोस उघडत होता! पंधरा दिवस रोज उघडत होता, आणि मी आंधळ्यासारखा त्याच्यासमोर उभा होतो. माझ्या वायरलेस कीबोर्डला कॅप्स लॉकचा दिवाच नाही, त्यामुळे तुमचा चुकलेला अंदाज पिशवीतून आला नसता तर हे कळलंही नसतं. भुसावळला सिग्नल खात्यात तुमची सगळी नोकरी गेली. विझलेला सिग्नल ड्रायव्हरने लालच समजायचा, पण दिवा विझला म्हणून मागचं सगळं मेलं असं दुरुस्तीवाल्याने समजायचं नाही, हे तुम्ही म्हणालात ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

बाकी काम दहा मिनिटांचं. मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉकेटात लावली, पुन्हा तीच वाट धरली, आणि बायोसचं पान लख्ख समोर. पहिलं चित्र कुठून दाखवायचं ते 'प्रायमरी डिस्प्ले'त बोर्डाच्या ग्राफिक्सवर ठेवलेलं होतं. केबल मात्र कार्डात. विंडोज चालू झालं की ते केबल कुठे आहे ते बघून घ्यायचं, त्याआधीचं सगळं त्या रिकाम्या सॉकेटात जात होतं. भाच्याला फोन लावला तर म्हणे, "हो मामा, दोन मॉनिटर लावून पाहत होतो तेव्हा मीच केलं होतं, परत फिरवायचं राहिलं." त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय तुम्ही मला बाणाचं बटणही दाबू दिलं नाहीत. डिस्प्ले कार्डावर आणला, एफ१० दाबून सेव्ह केलं, केबल जागेवर लावली, डिलीट दाबलं. पहिल्याच दाबाला उघडलं. पीटीटी मात्र दुसऱ्या दिवशी, कारण एका दिवशी एकच बदल. मला तो हट्ट वाटला होता. अजूनही थोडा वाटतो.

आठवड्याभरात विंडोज ११ बसलं. पतपेढीचा फॉर्म फाडला, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर आता झेरॉक्सचे हिशोब चालतात.

कीबोर्ड पुसून पिशवीत ठेवलाय. तो पाठवून देणार नाही, तुम्हीच घ्यायला या. बामणोदची वांगी आलीत, रविवारी मळ्यात भरीत आहे, कळण्याच्या भाकरी घरून येणार. भाच्यालाही बोलावलंय. काड्या जाळायचं काम त्याच्याकडे आहे. आणि या वेळी चहा बिनसाखरेचा करायला सांगितलाय.

आपला,
झेरॉक्सवाला
पाचोरा