पिशवी गेली, काळीज तरी तपासा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली आशा कार्यकर्ती. मागच्या महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या. वय ४४.

पहाटे म्हणाल्या, "बाई, जबडा ठणकतोय गं, दाढ आली की काय." लवंग धरली दाढेखाली. मग पाठ भरून आली, घाम फुटला, दोनदा उलटी झाली. छातीत कळ म्हणाल तर नाहीच. दवाखान्यात नेलं तर पित्ताचं इंजेक्शन. मी म्हटलं, ईसीजी काढा. "बायकांचं पित्तच असतं, ताई." मशीन कोपऱ्यात होतं, कागदाचा रोल नव्हता. अशा रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा, हे तुमच्याच खात्याने मला शिकवलं. आम्ही पावणेदोन तास बाकड्यावर होतो. शेवटी १०८ आली, तोवर त्यांचा हात माझ्या हातात गार पडला होता.

त्याच दवाखान्याच्या फाटकावर २०२२ चा बोर्ड आहे, 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. उन्हाने 'सुरक्षित' पुसट झालंय, 'घर' तेवढं वाचता येतं. २०२५ मध्ये वर नवा फ्लेक्स आला, 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार'. नारी आली की मागून घर, परिवार येणारच. नुसती नारी तुमच्या खात्याला परवडत नसावी.

जाऊबाईंची गर्भाची पिशवी २७ व्या वर्षी काढली. ऊसतोडीला पाळीचा खाडा चालत नाही, मुकादम पैसे कापतो. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती. इतक्या लवकर ती गेली की रक्तवाहिन्यांना असणारं संरक्षण जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मलाही उशिराच कळलं. त्यात मिश्री, चुलीचा धूर, दुसऱ्या बाळंतपणात चढलेलं बीपी. बीपी-साखरेसारख्या आजारांचा धोका मोजायचा त्यांचा फॉर्म मीच भरला होता. कंबर मोजली, तंबाखूला 'हो' लिहिलं, गुण ४ च्या वर गेले. म्हणजे तपासणीला प्राधान्य. ते प्राधान्य फायलीत सुखरूप आहे.

२०१९ मध्ये या पिशव्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आमदार नीलमताई गोऱ्हेंच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले, ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या. गणित माझं कच्चं, पण सहांत एक होते. बोंब झाली, पुढच्या ऑपरेशनांना सिव्हिल सर्जनच्या परवानगीची अट आली. छान झालं. आणि ज्यांचं झालंय त्यांचं काय? त्या १३,८६१ जणींचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी बघा, एवढंच मागते. आणि जबडा, पाठ, उलटी, धाप सांगणाऱ्या बाईचा आधी ईसीजी, मग पित्त. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार आहेत म्हणे. पण त्यासाठी बाईला काळीज असतं हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना?

बाईचं पोट तपासायला अख्खं सरकार, पाळणा हलला की टाळ्या, मानधनासाठी मात्र आम्ही आझाद मैदानात. कारखान्याचं गाळप वाढतं, ते कुणाच्या कमरेवर, हे विधानसभेत कोण विचारतं?

काल मुकादम येऊन गेला. उचल फिटलेली नाही म्हणतो. नवराबायको मिळून एक कोयता, आता यातला अर्धा कोयता कोण, असं भावजींना विचारत होता. त्यांच्या १९ वर्षांच्या सुनेकडे बघत होता.

आपली,
एक आशाताई, जि. बीड