आजीलाही सुट्टी हवी

दुपारी नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात शाळेच्या बस थांबतात तिथे मुलांना घ्यायला बहुतेक आजी-आजोबाच दिसतात. दप्तर आजोबांच्या खांद्यावर, बाटली आजीच्या गळ्यात आणि नातू पुढे पळतोय. साताऱ्याकडून माथाडीच्या कामाला आलेल्या पिढीने इथे संसार उभे केले, आता नातवंडांची उस्तवारही तिच्याच माथी. मुलगा नोकरीला वांद्रे-कुर्ला संकुलात, सून महापेला. दोघेही घरी पोचेपर्यंत रात्र होते. नातवंडांचा लळा असतो, हे खरेच. पण आमच्या शेजारच्या आजी गुडघ्याला पट्टा बांधून नातीला कडेवर घेऊन जिने चढतात आणि गावच्या जत्रेला जायचे तर सुनेची रजा मंजूर व्हायची वाट पाहतात. (मुलाच्या रजेचा विषय कुणी काढतच नाही!) निदान रविवार तरी आजीचा असावा, स्वयंपाकासकट.

मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किती कार्यालयांत ती प्रत्यक्षात आहे, हे कामगार विभागाने तपासून यादी जाहीर करावी.

– एक वाचक, कोपरखैरणे