शिक्षण परिषदेत मुलांच्या वह्या उघडा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : विज्ञान व गणित शिक्षकांची तयारी आणि त्यासंबंधी उपलब्ध असलेले संशोधन.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान आणि गणित शिकवण्यात गेली. त्यातली काही वर्षे मी तालुकास्तरावरील प्रशिक्षणांत सुलभक म्हणूनही, म्हणजे इतर शिक्षकांची सत्रे घेणारा म्हणून, काम केले. त्यामुळे ज्या व्यवस्थेविषयी पुढे लिहिणार आहे तिचा मीही एक दुवा होतो आणि तिच्या दोषांतला माझा वाटा मी नाकारत नाही.

अशाच एका प्रशिक्षणात विद्युतधारेचे सत्र चालू असताना मागच्या बाकावरून एका शिक्षिकेने विचारले, “सर, मुले म्हणतात की बल्बच्या पलीकडच्या तारेत वीज कमी असते, कारण मधली बल्बने खाल्ली. त्यांना काय सांगायचे?” माझ्या हातातल्या घटकसंचात याचे उत्तर नव्हते. जिल्ह्याला पाच दिवस चाललेले ते प्रशिक्षण तालुक्याला येईपर्यंत दोन दिवसांचे झाले होते, आणि जेवणापूर्वी मला तीन सत्रे संपवायची होती. “पुढच्या सत्रात घेऊ,” असे मी म्हणालो. ते पुढचे सत्र कधीच झाले नाही. हजेरीपट मात्र पूर्ण भरला आणि अहवालात प्रशिक्षण यशस्वी ठरले.

पुढे माझ्या स्वतःच्या वर्गात मी तोच प्रश्न विचारला, तेव्हा बऱ्याच मुलांचे उत्तर तेच निघाले. परीक्षेत ओहमचा नियम अचूक लिहिणारी मुलेही त्यांत होती. मी बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ॲमीटर जोडून दाखवले. दोन्ही काटे सारख्याच आकड्यावर थांबले, तेव्हा एक मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, दुसरे मीटर बिघडलेले आहे.” त्याच्या या वाक्याने मला शिक्षणशास्त्राच्या पदविकेत न मिळालेली गोष्ट शिकवली. मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही. ते स्वतःचे स्पष्टीकरण घेऊन येते, आणि ते स्पष्टीकरण त्याच्या अनुभवाशी जुळत असल्यामुळे एका प्रयोगाने मोडत नाही.

ही माझ्या एकट्याची जाणीव नाही, हे मला फार उशिरा कळले. बल्ब वीज ‘खातो’, ही कल्पना देशोदेशींच्या मुलांमध्ये संशोधकांना आढळलेली आहे. ब्रिटनमधील रोझालिंड ड्रायव्हर आणि इतर अनेकांनी १९७० च्या दशकापासून प्रकाश, उष्णता, बल, वनस्पतींचे पोषण अशा एकेका घटकावर मुले काय विचार करतात याचा बारकाईने अभ्यास केला. १९८६ मध्ये अमेरिकेतील ली शुलमन यांनी त्याच्या जोडीने आणखी एक मुद्दा मांडला. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाची सर्वसाधारण तंत्रे यांच्या पलीकडे शिक्षकाला एक तिसरे ज्ञान लागते. अमुक घटक शिकताना मुले कुठे अडतात, कोणते उदाहरण तिथे उपयोगी पडते आणि कोणते दिशाभूल करते, हे ते ज्ञान होय. पदवीच्या भौतिकशास्त्रात ते नसते, आणि अध्यापनपद्धतीच्या पेपरातही बहुधा नसते. आपल्या राज्यातील डी.एल.एड. आणि बी.एड.च्या विद्यार्थ्याला पाठ टाचणाचे रकाने पाठ असतात. पण अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज मूल दोन पंचमांश का लिहिते, यावर त्याने एक तासही घालवलेला नसतो.

महोदय, हे ज्ञान बाहेरून आणावे लागणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुंबईत आहे. प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने आपल्या आरंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषा हाच विज्ञान शिकण्यातला मोठा अडथळा आहे, हे त्या काळात पुढे आलेले महत्त्वाचे निरीक्षण होते. तीच सामग्री सोप्या भाषेत दिली की मुले वर्गात बोलू लागतात, हे तिथे दिसले. त्यालाही आता चार दशकांहून अधिक काळ लोटला.

भाषेच्या या प्रश्नाकडे आजही पुरेसे लक्ष नाही. घरच्या बोलीत ‘ताकद’, ‘जोर’, ‘शक्ती’ आणि ‘बल’ हे शब्द जवळपास एकाच अर्थाने चालतात. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन वेगळ्या राशी आहेत. बाजारात भाजीचे ‘वजन’ किलोत सांगितले जाते, आणि वर्गात तेच वस्तुमान ठरून वजन न्यूटनमध्ये मोजले जाते. डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बाईने काहीच ‘कार्य’ केले नाही, असे सांगितल्यावर वर्गात जी कुजबुज होते ती ऐकण्यासारखी असते, आणि माझ्या मते तासाची खरी सुरुवात तिथूनच व्हायला हवी. त्यात आता सेमी इंग्रजीची भर पडली आहे. ज्या शिक्षकाने स्वतः मराठीतून विज्ञान शिकले तो इंग्रजी पुस्तक हातात घेऊन मराठीत समजावतो, आणि मूल दोन्ही भाषांतल्या संज्ञा घोकते. सेमी इंग्रजी असावे की नसावे या वादात मला शिरायचे नाही. परंतु इतका मोठा बदल करताना शिक्षकाच्या तयारीचा वेगळा विचार झाला नाही, हे नोंदवणे मला भाग आहे.

गणितातले एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि वाद विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो, म्हणून लहान मूल ३५ लिहून मोकळे होते. ‘एकोणतीस’ ऐकताना तर नऊ कुठेच कानावर पडत नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ या शेजारच्या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर असाच क्रम आहे. यावर विनोद झाले, अस्मितेची भाषणे झाली, आणि काहींनी मनापासून चिंताही व्यक्त केली. वास्तविक हा प्रश्न मतांवर सोडण्यासारखा नव्हताच. काही केंद्रांतल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांतल्या, शाळांत दोन्ही वाचने वर्षभर वापरून, इतर केंद्रांशी तुलना करून, मुलांच्या वह्या तपासून त्याचे उत्तर मिळू शकले असते. मला स्वतःला रूढ संख्यानामे जावीत असे वाटत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे आजोबांच्या तोंडचे पाढे अपूर्णांक शिकवायला किती उपयोगी पडतात हे मी अनुभवले आहे. पण माझे वाटणे म्हणजे पुरावा नव्हे.

घरचे हे गणित शाळेत येत नाही, याचाही अभ्यास झालेला आहे. होमी भाभा केंद्रातील अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीत घरगुती उद्योगांच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलांच्या गणिती ज्ञानाचा शोध घेतला. ही मुले पैशांचे आणि मापांचे हिशेब तोंडी करतात. त्या ज्ञानाचा शाळेच्या गणिताशी सांधा जोडणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते त्याला कोणी शिकवलेले नाही.

खगोलाचेही तसेच. शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या मुलांबरोबर काम करून पृथ्वी, सूर्य आणि चंद्र यांचे अवकाशातले नाते समजण्यासाठी हातवारे, शरीराच्या हालचाली आणि आकृत्या यांची योजनाबद्ध सांगड कशी घालता येते हे दाखवले. त्याला यंत्र लागत नाही, मोकळी जागा लागते. सूर्य रोज दुपारी बरोबर डोक्यावर येतो, असे आपल्या किती शिक्षकांना आजही वाटते, हे एकदा कोणत्याही प्रशिक्षणात हात वर करायला लावून पाहावे. आपले संपूर्ण राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे प्रत्येक गावी शून्य सावलीचे, म्हणजे सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येण्याचे, दिवस वर्षातून दोनदाच येतात. त्यातला पहिला मे महिन्याच्या सुट्टीत किंवा तिच्या अखेरीस येतो आणि दुसरा पावसाळी ढगांत लपतो. बिचाऱ्या सूर्यालाही आपले शैक्षणिक वेळापत्रक मानवत नाही. मैदानात रोवलेल्या काठीची दुपारची सावली मात्र जूनपासून एप्रिलपर्यंत दर महिन्याला मोजता येते.

आता सध्याच्या उपायांकडे वळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे कार्यक्रम पूर्ण करणे अपेक्षित आहे. हेतू चांगला आहे. पण तास मोजणे सोपे असते, म्हणून तासच मोजले जातात. चित्रफीत एका खिडकीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत ऑनलाइन माहिती भरणारा शिक्षक मी पाहिला आहे, आणि त्याला दोष देण्याची माझी हिंमत नाही. ती माहितीही त्याच दिवशी मागितलेली होती. दुसरीकडे अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे शाळेतल्या तंत्रप्रयोगांच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत अशा ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) हा शब्दही त्यांच्याबरोबर गावोगावी पोहोचला. त्रिमितीय प्रिंटर जरूर यावेत. पण बल्ब वीज खातो असे मानणारे मूल रोबोची जोडणी पुस्तिकेतली चित्रे पाहून करील, दिवा लागेल, छायाचित्र काढले जाईल, आणि मुलाची समजूत होती तिथेच राहील.

सेवापूर्व शिक्षणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याचे निदान पूर्वीच झालेले आहे. महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता, आणि त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. ज्या राज्यातून हा प्रश्न दिल्लीला गेला, त्या राज्याने तरी तो अहवाल कपाटातून बाहेर काढायला हवा.

शिक्षकांना एकत्र बसवून दीर्घकाळ काम करता येते, याचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७८ मध्ये जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक पूर्व शाळांपर्यंत गेला. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये तिथल्या शासनाने तो बंद केला. मुले स्वतः प्रयोग करीत, परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे, आणि शिक्षकांच्या मासिक बैठकांत गेल्या महिन्यातल्या अडचणींवर चर्चा होत असे. जपानमध्ये शिक्षकांचे गट एकाच पाठाची तयारी मिळून करतात. एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे लक्ष देऊन बसतात, आणि मग पाठ सुधारला जातो. ही तिथली जुनी रीत आहे.

आपल्याकडे अशी जागा आधीपासून आहे. केंद्रातल्या सर्व शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र जमतात. दुर्दैवाने या परिषदेचा बराचसा वेळ परिपत्रकांचे वाचन, प्रलंबित माहितीची उजळणी आणि पुढच्या उपक्रमांच्या सूचना यांत जातो. माझी विनंती अशी की विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांसाठी या परिषदेतले दोन तास राखून ठेवावेत, आणि त्या वेळात एकाही परिपत्रकाचे वाचन होऊ नये. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणाव्यात. त्यातल्या चुकीच्या उत्तरांवरून मूल काय विचार करत असेल हे सर्वांनी मिळून ठरवावे, एक पाठ आखावा, पुढच्या महिन्यात तो कोणीतरी शिकवावा आणि इतरांनी पाहावा. हे तास धोरणातल्या ५० तासांत धरले जावेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमधील विज्ञान व गणिताची रिक्त पदे भरून त्या अधिव्याख्यात्यांना अहवालांच्या संकलनातून मोकळे करावे आणि या बैठकांना बसवावे. होमी भाभा केंद्रासारख्या संस्थांतील संशोधकांना निमंत्रण द्यावे, पण व्यासपीठावर नव्हे, वर्तुळात.

हे साऱ्या राज्यात एकदम सुरू करू नये, अशीही कळकळीची विनंती आहे. कोकणातला, मराठवाड्यातला, विदर्भातला आणि आदिवासी भागातला असा एकेक तालुका घ्यावा, दोन वर्षे द्यावीत, सुरुवातीला आणि शेवटी मुलांना तेच प्रश्न विचारावेत, आणि जे हाती येईल ते प्रसिद्ध करावे. काही ठिकाणी हे फसेल. ज्या केंद्रात शिक्षकच अपुरे आहेत, किंवा मतदार यादीच्या कामाने वर्ग उघडे पडले आहेत, तिथे ते फसणारच, आणि तेही त्या अहवालात छापले जावे.

एक शेवटची विनंती. अशा एखाद्या परिषदेला आपण स्वतः यावे, आदल्या दिवशी कोणालाही न कळवता. स्वागताची फुले आणि फलक नसतील, पण मागच्या बाकावर जागा असेल. एखादी शिक्षिका बल्बचा प्रश्न विचारील, आणि या खेपेला तिला उत्तर मिळेपर्यंत सत्र संपू नये, एवढे आपण पाहावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक