धुरळणी झाली, पण भलत्याच गावात

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी रिटायर्ड आरोग्य सेवक आहे, राहणार यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव मुद्दाम लिहून नाही राहिलो कारण सगळा घोळ त्या नावाचाच आहे. पत्र थोडं लांबलं तर कापा पण पत्त्याचा मुद्दा तेवढा राहू द्या.

मागच्या पावसाळ्यात पुतण्याच्या पोराला ताप भरला, तिसऱ्या दिवशीही उतरेना म्हणून मोटारसायकलवर मधात बसवून शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नेलं, डेंग्यू निघाला. पोरगं सुधारलं, घरी आलं, ते जाऊ द्या. डेंग्यूचा पेशंट निघाला की त्याच्या घराच्या आजूबाजूला टीम यायला पाहिजे, टाक्या-रांजण तपासणे, अळी सापडली की पाणी ओतून देणे, गप्पी मासे सोडणे, धुरळणी, हे सगळं मी स्वतः नोकरीभर केलेलं आहे. म्हणून वाट पाहिली. नऊ दिवस कोणी आलं नाही. त्या नऊ दिवसात आमच्याच ओळीत अजून दोन घरी ताप निघाला.

दहाव्या दिवशी फोन आला, माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा, आता दुसऱ्या तालुक्यात आरोग्य सेवक आहे. म्हणे, "काका, तुमच्या आडनावाचं एक पोट्टं आमच्या गावात डेंग्यू पॉझिटिव्ह दाखवून राहिलं, पण सापडूनच नाही राहिलं, धुरळणी करून टाकली पण घर काही भेटलं नाही." कसं भेटणार बाप्पा? नाव आमच्या गावाचं, तालुका त्याचा. काउंटरवरच्या ऑपरेटरने गावाची पहिली चार अक्षरं टाकली, लिस्टमध्ये एकाच नावाची दोन गावं आली, त्याने वरचं दाबलं. तालुका कोणता हे त्याने विचारलं नाही अन् पुतण्याने सांगितलं नाही. मागे हीऽ लाईन उभी, लाईट कधी जाईल नेम नाही, मी त्या पोराला दोष देत नाही.

पण आपल्या भागात एका नावाचं एकच गाव असते का कुठं? कारंजा म्हटलं तर वाशिममधलं लाड का वर्धेतलं घाडगे? धामणगाव तर रेल्वे आहे, गढी आहे, बुलडाण्यात बढे आहे. चांदूर बाजार अन् चांदूर रेल्वे दोन्ही अमरावती जिल्ह्यात, तळेगाव दशासर तिकडे, तळेगाव श्यामजीपंत इकडे. आपण बोलताना मागचा शब्द खाऊन टाकतो, कॉम्प्युटर तेवढाच ऐकते. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा ताप वेगळाच, इंग्रजांच्या काळापासून वर्धा, वणी, वरूड डबल्यूने लिहितात आणि नवीन पोरगा व्ही टाकून शोधते, मग रेकॉर्ड सापडत नाही, मग नवीन रेकॉर्ड बनते, मग एकाच माणसाची दोन-तीन खाती अन् एकात शुगर तर दुसऱ्यात बीपी.

हे झालं गावाचं. जे गावच नाहीत त्यांचं काय? कोलामाचा पोड, बंजाऱ्याचा तांडा, पारध्याचा बेडा, मेळघाटातला ढाना, गोंदिया-गडचिरोलीचा टोला, लिस्टमध्ये बहुतेक वेळा महसुली गावच येते आणि पोड त्या गावापासून तीन किलोमीटर आत, नाल्याच्या पलीकडे. सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून लेकरात येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, रेकॉर्ड घ्या, 2023 च्या जुलैमध्ये केंद्राने त्याचं मोठं मिशन सुरू केलं, 2047 पर्यंत हा आजार संपवायचा म्हणतात, चांगली गोष्ट आहे, पण ज्या पोरीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तिला गोळ्या पोचवायला, तिच्या भावंडांची तपासणी करायला सिस्टर कोणत्या घरी जाईल? गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावची म्हातारी आजही पत्ता सांगताना बुडालेल्या गावाचंच नाव सांगते, अन् तिचं काही चुकत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ बाळंतिणीचा. नोंदणी सासरी, पहिलं बाळंतपण माहेरी, जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथली. सहाव्या आठवड्याची लस माहेरी झाली, चौदाव्या आठवड्यापर्यंत पोरगी लेकरू घेऊन सासरी गेलेली असते. मग माहेरच्या आशाच्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस बाकी असलेल्यांच्या यादीत, ते लेकरू महिनोन्महिने लटकून राहते, मीटिंगमध्ये तिला बोलणी बसतात, आणि सासरच्या आशाला ते आलं हेही माहीत नसते. दोघींचंही काम बरोबर, पत्ता तेवढा जुना.

टीबीचं थोडं वेगळं आहे. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नाव चढलं की पोषणाचे पैसे, 2024 च्या नोव्हेंबरपासून महिन्याला 1000 रुपये, खात्यात जमा होतात, पैशाला घर शोधावं लागत नाही म्हणून पत्ता चुकला तरी कोणी बोंबलत नाही. पण घरातल्या बाकीच्या माणसांची तपासणी घर सापडल्याशिवाय कशी होईल? आणि खरं सांगतो, टीबीत लोक मुद्दाम खोटा पत्ता देतात, गल्लीत जीप उभी राहिली तर पोरीचं लग्न मोडेल म्हणून. त्यावर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, तिथं माणूसच लागते.

आता म्हणतात सगळं आधारला जोडलं, आरोग्याच्या रेकॉर्डसाठी 14 आकडी आभा नंबर आहे, चिंता नाही. आधारवरचा पत्ता म्हणजे ज्या दिवशी कार्ड काढलं त्या दिवशीचा पत्ता हो! दिवाळी झाली की अर्धा पोड वीटभट्टीवर अन् कापूस वेचायला गेलेला असते. गंमत अशी की आभामध्ये "आभा ॲड्रेस" म्हणून एक भानगड आहे, ते मोबाईलवरचं नाव असते ईमेलसारखं, शेवटी ॲट एबीडीएम. आमच्या शेजारच्या आजीला ऑपरेटर म्हणे आभा ॲड्रेस सांगा, तिने घर नंबर, मारोतीच्या देवळामागे, सगळं सांगितलं. ऑपरेटर हसला. मला विचाराल तर आजीच बरोबर होती.

माझा भाचा नागपुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला विचारलं की अरे कॉम्प्युटरमध्ये सोयच नाही काय. तो म्हणे आहे ना मामा, हे रेकॉर्ड इकडून तिकडे पाठवायची जी पद्धत आहे, फायर म्हणतात तिला (आग नव्हे), तिच्यात घरचा पत्ता वेगळा, तात्पुरता वेगळा, जुना वेगळा, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हेही टाकता येते. म्हणजे कप्पे आहेत, काउंटरवरच्या स्क्रीनवर एकच रकाना ठेवला अन् तोही आधारवरून आपोआप भरते. पोस्टाने 2025 मध्ये डिजिपिन काढला, चार बाय चार मीटरच्या तुकड्याला दहा अक्षरांचा कोड, पोडावरच्या झोपडीलाही तो लागू होते. आशाच्या मोबाईलमधून तो टाकायला काय हरकत आहे?

आमच्या जमान्यात मलेरियावाला पंधरा दिवसांनी घरोघर फिरे, दारावर भिंतीला स्टेन्सिल असे, त्यावर तारीख टाकायची. रजिस्टर आम्ही कधीकधी पारावर बसूनही भरलेत, खोटं कशाला बोलू. पण घर कुठलं हे चुकत नव्हतं, कारण ते घर पायाखालचं होतं.

माझं मागणं मोठं नाही. काउंटरवर "पत्ता तोच ना?" असं विचारूच नका, त्याचं उत्तर माणूस हो असंच देते. "सध्या झोपायला कुठं असता, तालुका कोणता, जवळ कोणतं देऊळ की शाळा" असं विचारा, अन् लिहिलेलं वाचून दाखवा. जुना पत्ता पुसू नका, बाजूला राहू द्या. आणि महिन्यातून एकदा आशाच्या हातात तिच्या गावची यादी द्या, कोण गेलं कोण आलं ती अर्ध्या तासात खुणा करून देईल, फक्त त्या कामाचे पैसे तिला द्या, फुकट नको.

मागच्या आठवड्यात बीपीच्या गोळ्या आणायला त्याच दवाखान्यात गेलो होतो. ऑपरेटर म्हणे, "काका, पत्ता तोच ना?" म्हटलं स्क्रीन इकडे फिरव. मीही त्या दुसऱ्याच गावचा निघालो. दुरुस्त कर म्हटलं तर म्हणे, "मला एडिटचा अधिकार नाही, वर कळवतो." गोळ्या घेऊन घरी आलो, आमच्याच गावात.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक
जि. यवतमाळ (तालुका विचारून घ्यावा)